हस्तातला कोरडा तंबू

मोठं संकट आलं की माणसं आपापले भेद विसरून एका छताखाली येतात. हे वाक्य माझं नाही, माझ्या सासऱ्यांचं आहे. प्लेगाच्या वर्षी, गाव उठायच्या थोडं आधी, लोणावळ्यातल्या एका सभेत त्यांनी ते म्हटलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वाक्य खोटं निघालं असंही मला म्हणता येत नाही. आमच्या घरातली सगळी माणसं त्या वर्षी खरोखरच एका छताखाली आली. फक्त ते छत गळत होतं, आणि न गळणारं छत शेजारीच रिकामं उभं होतं.

यंदा हस्त पुन्हा जोरात लागला आहे. हस्ताचा पाऊस आषाढातल्या पावसासारखा नसतो. आषाढातला लोणावळ्याचा पाऊस कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखा. मान वर न करता, चेहरा न बदलता, दिवसच्या दिवस आपलं काम करत राहतो. हस्ताचा पाऊस घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषासारखा येतो. सकाळी लख्ख ऊन असतं. बायका उशा, गाद्या, डाळी बाहेर काढतात. भाताच्या लोंब्या वाकायला लागलेल्या असतात, माळावर सोनकीचा पिवळा गालिचा पसरलेला असतो, आणि आता संपला एकदाचा पावसाळा असं कुणीतरी म्हणतं. मग दुपारी उगवतीकडून आभाळ काळं होतं, आधी दणदणाट होतो, मग तो बरसतो. संध्याकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ऊन पुन्हा अंगणात येतं. गाद्या मात्र भिजलेल्या असतात.

माझा मुलगा वसंता पुण्याला नोकरीला आहे. दसऱ्याच्या सुट्टीत तो, त्याची बायको सुधा आणि मुलं इथं आली. लढाई संपल्यापासून बाजारात लष्करी सामानाचा सुकाळ झाला आहे. ब्लँकेटं, बूट, पाण्याच्या बाटल्या, आणि तंबू. वसंताच्या डोक्यात तंबूनं घर केलं.

"आई, आपण सगळे मिळून औंढ्याच्या माळावर जाऊन राहू. मुलांना मोकळी हवा मिळेल."

"हस्त चालू आहे. भिजाल."

"अगं, भिजायचं कसं? वॉटरप्रूफ असतो तो."

हे, म्हणजे माझे यजमान, शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं आणि ओसरीवर जाऊन उभे राहिले. वसंताला वाटलं, बाबांना खर्च आवडला नाही. मुलांना आपल्या आईबापांविषयी नेहमी सोपी कारणं सुचतात. त्यातच त्यांचं सुख असतं.

'वॉटरप्रूफ' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आणला मामंजींनी. पहिल्या लढाईच्या काळातली गोष्ट. मी लग्न होऊन नुकतीच या घरात आले होते. मामंजी पुण्याच्या एका शाळेत हेडमास्तर होते आणि पेन्शन घेतल्यावर हवेसाठी लोणावळ्यात घर बांधून राहिले होते. सासूबाई पूर्वीच गेल्या होत्या. घर चालवत होत्या मामंजींच्या थोरल्या विधवा बहीण, आमच्या आत्याबाई. ह्यांना लहानाचं मोठं त्यांनीच केलेलं. हे रेल्वेच्या कचेरीत होते. घरात माणसं चारच, पण मामंजी बोलायला लागले की सभा भरल्यासारखं वाटे.

मामंजी सुधारक होते. हे मी कुचेष्टेनं लिहीत नाही. मला लिहायवाचायला त्यांनीच उत्तेजन दिलं, नवी पुस्तकं आणून दिली, आणि सून पुस्तक वाचताना दिसली तर, तिला उठावं लागू नये म्हणून, पुढची खोली सोडून ते मागच्या दारानं बाहेर जात. पण त्यांच्या सुधारणेला श्रोते लागत. पाटावर बसून एका माणसाशी ती त्यांना करता येत नसे.

ज्या हवेसाठी ते लोणावळ्यात आले त्या हवेचं कौतुक त्यांनी इतक्या लोकांपाशी केलं होतं, की बाजारात उंदीर पडल्याची बातमी आली तेव्हा त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. हल्लीच्या मुलांना 'उंदीर पडला' या दोन शब्दांत काय होतं ते समजावून सांगता येत नाही. कुणाच्या तरी माळ्यावरून एक उंदीर झिंगत खाली यायचा, जमिनीवर गोल फिरायचा आणि मरायचा. संध्याकाळपर्यंत त्या आळीतल्या चुली विझलेल्या असत. माणसं भांडी, देव आणि म्हातारी माणसं घेऊन गावाबाहेर जात आणि शेतात खोपटं बांधून महिनेच्या महिने राहत. परत कधी यायचं ते उंदीर ठरवत.

मामंजींना खोपटात राहणं मान्य नव्हतं. "शास्त्रीय युगात माणसानं गवताखाली का भिजावं?" असं ते विचारत. उन्हाळ्यापासूनच ते तंबूंचा अभ्यास करत होते. राहुटी म्हणजे काय, डेरा म्हणजे काय, एका खांबाचा चांगला की दोन खांबांचा, दुहेरी छताला हवा कशी खेळते, कनात जमिनीत किती पुरावी, हे सगळं आम्ही जेवताना ऐकत असू. आत्याबाई वाढता वाढता म्हणत, "अण्णा, भात निवतोय." शेवटी पुण्याच्या लष्कर भागातल्या एका दुकानातून, कुणा साहेबानं विलायतेला जाताना विकून टाकलेला सहकुटुंब राहण्याचा तंबू त्यांनी घेतला. हे स्टेशनवरून तो बैलगाडीत घालून घेऊन आले. उलगडला तर अंगण भरलं. रंग शेवाळलेल्या दगडासारखा. वास उग्र, तेलकट, थोडा कुबट, बंद पेटीत जुनं काहीतरी राहून गेल्यासारखा.

मग त्याची परीक्षा झाली. परीक्षा घेतल्याशिवाय मामंजी कशालाच वरच्या वर्गात घालत नसत. आळीतल्या लोकांना बोलावणं गेलं. तंबू अंगणात उभा राहिला. मामंजी आत खुर्ची टाकून, हातात पुस्तक घेऊन बसले, आणि ह्यांनी शिडीवर चढून वरून पाण्याच्या घागरी ओतायच्या असं ठरलं. हे ओतत होते, पाणी उतारावरून आमच्या तुळशीकडे धावत होतं, आणि आतून मामंजींचा आवाज येत होता, "आणखी! आणखी ओता!" बाहेर आले तेव्हा त्यांच्या उपरण्याला थेंब लागलेला नव्हता. पुस्तकाचं पान त्यांनी सगळ्यांना हात लावून पाहायला दिलं.

गर्दीत आमच्या आळीतले किराणा दुकानदार बापूशेठ होते. माणूस वाईट नव्हता. गप्प बसणं त्याला जमत नसे एवढंच. तो कापडावर बोट फिरवून म्हणाला, "मास्तर, कापडातून पाणी जात नाही म्हणजे चरबी चोपडलेली असणार हो. साहेबाचं कापड! गाईची का डुकराची, तेवढं बघून घ्या."

लोक हसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि माझ्या मागं आत्याबाई. त्या हसल्या नाहीत.

त्या वेळी मामंजींनी एवढंच म्हणायचं होतं, की दुकानदाराला विचारतो. पुण्याला एक कार्ड टाकायचं काम होतं. पण समोर श्रोते होते. मामंजींनी उपरणं सावरलं आणि म्हणाले, "असेल! असली चरबी, तर काय बिघडलं? चरबीनं धर्म बुडतो, आणि प्लेगानं नाही बुडत?" पुढं बराच वेळ ते बोलले. बोलणं उत्तम झालं. मी आजही ते त्यांच्या बाजूनं पुन्हा मांडू शकेन. बापूशेठनंसुद्धा मान डोलावली.

रात्रीची भांडी आवरताना आत्याबाई मला म्हणाल्या, "उमा, माझ्यासाठी वेगळं खोपट घालायला सांग. मी त्याच्याखाली शिजवायची नाही, जेवायची नाही, निजायची नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या.

लोणावळ्याबाहेर औंढ्याला कोंडिबा नावाच्या शेतकऱ्याचा माळ होता. तिथं आम्ही गेलो. मामंजींच्या तंबूच्या एका अंगाला कारवीच्या कुडाचं, वर गवत टाकलेलं आत्याबाईंचं खोपट उभं राहिलं. तंबूत मामंजींची खाट, पुस्तकांच्या पेट्या, आणि मधे पडदा लावून पलीकडे आम्ही दोघं. खोपटात चूल, पाण्याचे हंडे, आत्याबाई आणि देव. देवांनाही तंबू वर्ज्य होता. लोणच्या-पापडाचे डबेही तिकडेच. जवसाच्या चटणीची बरणी तंबूत कोरड्यात ठेवू का, असं मी एकदा विचारलं. आत्याबाईंनी अशी नजर टाकली, की बरणी घेऊन मी परत फिरले. आठवड्याभरात त्या चटणीला बुरशी आली.

जेवायला आम्ही सगळे खोपटात जात असू. तंबूतून येणाऱ्यानं दाराशी पाय धुवावे असा आत्याबाईंचा नियम होता. पहिल्या दिवशी मामंजींनी नकार दिला आणि तंबूत जाऊन वाचत बसले. दुसऱ्या दिवशी भूक लागली. त्यानंतर सुधारणेचे पाय दोन्ही वेळच्या जेवणाआधी नियमानं धुतले जाऊ लागले.

बहीणभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले नव्हते. पण बोलत ते माझ्यामार्फत. एक कनात आणि एक कूड यांच्या मधल्या चिखलात मी उभी असे.

"सूनबाई, ताईला सांग, वाफ लागून कापडाचं नुकसान होत नाही. चूल आत आणली तरी चालेल."

"उमा, अण्णाला सांग, चुलीचं मी बघते. त्यानं पाय धुतलेत का ते विचार."

दोघांनाही दोघांचं ऐकू जात असे. तरी मी सांगत असे, आणि माझं सांगून झाल्याशिवाय कुणी उत्तर देत नसे. घरातल्या भांडणाचेही काही शिष्टाचार असतात.

कोंडिबाची बायको हौसामावशी रोज गवताचा भारा घेऊन आमच्यावरून जायची. तिला हा देखावा फार आवडे.

"मास्तर, येवढं मोटं घर बांदलंय आन् म्हातारीला भाईर ठिवलंय व्हय?"

"मी नाही ठेवलेलं," मामंजी आतून म्हणत. "तिला विचार."

"आत्याबाई, आत जावा की. आमची म्हस बी आडोशाला बांदलीया."

"तुझ्या म्हशीला सोवळं नाही," आत्याबाई म्हणत.

"न्हाई बया. पर ती कोरडी हाय."

आत्याबाई हसल्या. त्या काळात त्यांना हसवू शकणारी ती एकटीच होती. दुसऱ्या दिवशी हौसामावशीनं त्यांच्यासाठी एक इरलं आणून दिलं. पानांचं आणि बांबूच्या काड्यांचं, लावणीच्या वेळी बायका डोक्यापासून पाठीपर्यंत पांघरतात ते. आत्याबाईंनी आधी त्यावर पाणी शिंपडून ते शुद्ध करून घेतलं. पाण्यापासून वाचवणाऱ्या वस्तूवर पहिलं पाणी त्यांनीच घातलं. मग ते इरलं पाठीवर घेऊन त्या चुलीपुढं बसू लागल्या. वरून गवतातून थेंब गळत, इरल्यावरून ओघळत, आणि त्या भाकरी थापत. लाल आलवणातली ती वाकलेली मूर्ती मला अजूनही हस्त लागला की दिसते. चूल धुरकटलेली, लाकडं ओली, आणि शेजारी तो भलामोठा तंबू, आतून पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज येणारा.

ह्यांच्यानं ते बघवेना. एका संध्याकाळी कचेरीतून आले ते सरळ खोपटाशी गेले. म्हणाले, "आत्या, मी चौकशी केली. चरबीबिरबी काही नाही. नुसतं मेण आहे त्याला."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुणापाशी केलीस?"

"दुकानात."

"पुण्याला कधी गेला होतास?"

ह्यांनी वाकून बुटाचा चिखल पुसायला घेतला.

"बंडू, जानव्याला हात लावून सांग. मी आत्ता उठते आणि आत येते."

ह्यांनी हात वर नेला. मग तो डोक्यामागं नेला आणि मान खाजवली. आत्याबाई पुन्हा भाकरीकडे वळल्या. "पाय धू. वाढते," म्हणाल्या.

मला त्या वेळी वाटलं होतं, आता तरी कुणी खरंच विचारेल. ह्यांनी तंबूत जाऊन मामंजींना म्हटलंही, की मी उद्या पुण्याला जाऊन येतो. मामंजी खाटेवर उठून बसले.

"विचारायला मी बंदी करतो. विचारणं म्हणजे तिच्या भ्रमाला मान देणं. समज, तो म्हणाला मेण आहे, आणि ती आत आली. मग काय सिद्ध झालं? चरबी असती तर आली नसती हेच ना! मला ताई नुसती आत यायला नको आहे. मला ती चरबी असतानाही आत यायला हवी आहे."

कनातीपलीकडून आवाज आला. या वेळी तो माझ्यामार्फत आला नाही.

"अण्णा, मलाही विचारायचं नाही. विकणारा विकायला बसलाय. तो काय सांगेल त्यावर माझं सोवळं ठरायचं का? शंका आली तिथं संपलं."

 मग आत्याबाई पुन्हा बोलल्या. इतक्या हळू, की पाऊस चालू असता तर ऐकूच आलं नसतं. पण पाऊस नेमका थांबला होता.

"माझे केस उतरवले त्या दिवशी तू अंगणात उभा होतास. चांगला मोठा होतास, इंग्रजी शिकत होतास. तेव्हा बोलायचं होतं. तेव्हा एक अक्षर बोलला नाहीस. ज्या सोवळ्यासाठी मी केस दिले, ते आता तुझ्या तंबूसाठी सोडू?"

  मामंजींनी पुस्तक उघडलं. ते उलटं होतं हे कळायला त्यांना बराच वेळ लागला.

लोक मला विचारतात, त्या पिढीतले सुधारक आणि सनातनी यांच्यात बरोबर कोण होतं. मला या प्रश्नाचा कंटाळा येतो. माझ्या डोळ्यांपुढं दोन म्हातारी भावंडं येतात. दोघंही आपापल्या तत्त्वासाठी काय वाटेल ते सोसायला तयार. फक्त त्यातल्या एकाचं सोसणं कोरड्या खाटेवर चाललं होतं आणि दुसऱ्याचं चिखलात. तत्त्वं तोलताना ही बाब सहसा हिशेबात धरत नाहीत.

मग हस्त लागला. कोंडिबाच्या खाचरात भात आडवं झालं. विजा इतक्या जवळ पडत, की तंबूचा मधला खांब घुमे. तंबूवर पावसाचा आवाज नगाऱ्यासारखा होई. आत थेंबही नाही. मामंजींनी केलेली निवड उत्तम होती हे मान्य करायलाच हवं. खोपटाच्या गवताचा मात्र लगदा झाला. ह्यांनी आणि कोंडिबानं वर पुन्हा गवत टाकलं, तेही बसलं. चूल पेटेना. आत्याबाईंना थंडी वाजून ताप आला.

त्या दिवसांत ताप आला म्हणजे माणसं आधी बगल चाचपत. मी त्यांची बगल, जांघ चाचपली. गाठ नव्हती. आम्हाला हायसं वाटलं. प्लेग नाही, एवढ्यावर आम्ही इतके खूश झालो की छातीतली घरघर कुणी मनावरच घेतली नाही. डॉक्टर आला, त्यानं छातीला नळी लावली, वर गवताकडे पाहिलं, शेजारच्या तंबूकडे पाहिलं, आणि म्हणाला, "यांना कोरड्यात हलवा." सगळ्यांनी मान डोलावली. डॉक्टरला वाटलं, यात अवघड काय आहे.

हे त्यांना उचलायला वाकले. आत्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"मी शुद्धीवर आहे तोवर नाही, बंडू. मग तुम्हाला काय करायचं ते करा."

त्या दुपारी मामंजी तंबूतून बाहेर आले. पाऊस कोसळत होता. हातात छत्री होती. खोपटाच्या दाराशी त्यांनी पाय धुतले. त्या पावसातही, तांब्यातलं पाणी घेऊन. मग आत येऊन बहिणीच्या उशाशी बसले आणि छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. त्यांची पाठ बाहेर राहिली. ती भिजत होती. हे पायाशी बसले होते, मी चुलीपाशी, हौसामावशी दारात अंगावर पोतं घेऊन. सगळ्यांच्या अंगावर पाणी पडत होतं. पलीकडे तंबूत पुस्तकं, खाट, गाद्या कोरड्या ठणठणीत होत्या. कुणी तिकडे जात नव्हतं. सभेतलं ते वाक्य मला तेव्हा आठवलं. एक छत, आणि त्याखाली सगळे.

"ताई," मामंजी म्हणाले, "मी पुण्याला माणूस पाठवू का? विचारून येईल."

आत्याबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आता कशाला. तुझी पाठ भिजतेय. आत जा."

"नाही जात."

"लहानपणापासून हट्टी."

त्यांचं मोकळं बोलणं झालं ते एवढंच. नंतर त्यांना भ्रम झाला. कुणातरी अंगणातल्या मुलाला त्या हाका मारत होत्या. मग हाकाही थांबल्या. श्वास चालू होता, पण हाक मारली तर त्या ओ देत नव्हत्या.

ह्यांनी मामंजींकडे पाहिलं. "आता नेऊ या. आता त्यांना कळणार नाही. कोरड्यात कदाचित..."

मी मामंजींकडे पाहत होते. ज्याच्यासाठी त्यांनी आयुष्यभर भाषणं केली ते आता फक्त दोन माणसांनी उचलण्याएवढं सोपं झालं होतं. त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"नको," ते म्हणाले. "एकदा तिला न विचारता झालंय. पुन्हा नको."

हौसामावशीला ते कळलं नाही. "आवो मास्तर, आत न्या की तिला! मरंल ती हितं!" ती ओरडली. मामंजी हलले नाहीत. ह्यांनी पुन्हा वाकायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी मोकळ्या हातानं मुलाला मागं सारलं. त्यात किती प्रेम होतं, किती प्रायश्चित्त होतं आणि किती जुनाच हट्ट होता, हे मला आजवर उलगडलेलं नाही. हौसामावशीचं म्हणणं मात्र तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं.

ऊन पडलं तेव्हा आत्याबाई गेलेल्या होत्या. गवतातून उन्हाच्या तिरिपी त्यांच्या अंगावर आल्या होत्या. जिथून पाणी आलं होतं तिथूनच.

मामंजी पुन्हा तंबूत झोपले नाहीत. गावात परत जाईपर्यंत ते खोपटातच राहिले. भाषणंही त्यांनी थांबवली. लोकांना वाटलं, प्लेगानं मास्तर खचले. तंबू बरीच वर्षं माळ्यावर होता. लोक लग्नामुंजीला मागून नेत. बापूशेठच्या नातवाची मुंज त्याच्याच सावलीत झाली. भटजी सोवळं नेसून आत जेवले आणि हवा छान खेळते म्हणाले. कापडाला काय चोपडलंय हे तेव्हा कुणी विचारलं नाही. बापूशेठनंही नाही.

हे सगळं मी वसंताला कधी सांगितलेलं नाही. त्याच्यासाठी आत्याबाई म्हणजे भिंतीवरची तसबीरसुद्धा नाहीत. त्यांचा फोटो कुणी काढलाच नव्हता. म्हणून परवा तो, सुधा आणि मी तंबू पाहायला बाजारात गेलो, तेव्हा मी बाजूला एका खोक्यावर बसले. वसंता दोऱ्या ओढून पाहत होता, खुंट्या मोजत होता, दुहेरी छताबद्दल दुकानदाराला समजावून सांगत होता. आजोबांना त्यानं पाहिलेलं नाही. उभं राहायची ढब मात्र तीच.

सुधानं कापडाला हात लावला आणि बोटं हुंगली. "काहीतरी तेलकट आहे हो. साडीला डाग पडेल का?"

"नवा आहे तोवर पडेल," दुकानदार म्हणाला. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचं ब्लँकेट बांधत होता. "जवसाचं तेल आहे ते."

"आणखी काय असतं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"थोडं मेण."

"आणि पूर्वी? मागच्या लढाईच्या वेळच्या तंबूंना?"

"तेच की, आजी. माझे वडील याच धंद्यात होते. जवसाचंच तेल. दुसरं काय लावणार?" त्यानं सुतळीची गाठ मारली. मान वर केली नव्हती. "आणखी काही विचारायचंय?"

नव्हतं.

ह्यांना मी हे सांगितलेलं नाही. तंबू घेतला. काल औंढ्याच्या माळावर लावला. शिवणीतून गळतो.